साबणाच्या कढईतले मीठ

पहिले महायुद्ध पेटले आणि म्हैसूरच्या अरण्यांतील चंदनाला युरोपची बाजारपेठ बंद झाली, तेव्हा वखारींत साचत चाललेल्या त्या लाकडाचे तेल संस्थानातच गाळावे असा निश्चय महाराज कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या अमदानीत झाला. आणि पुढे १९१८ च्या सुमारास, एके काळी शहाजीराजांची जहागीर असलेल्या या बंगळूर शहरी, सोसले गरळपुरी शास्त्री या रसायनज्ञाच्या देखरेखीखाली त्या तेलाने सुगंधित झालेला साबण सरकारी कारखान्यात तयार होऊ लागला. त्याच्या सुवासाची तारीफ पुष्कळांनी केली आहे. मला कुतूहल आहे ते त्याच्या प्रकृतीचे.

रसायनशास्त्राच्या दप्तरी साबणाची नोंद लवणांतच होते, कारण तेलातील मेदाम्ले आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून तो निपजतो. स्वयंपाकाचे मीठही लवणच. पण त्याचे जनक, हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा, दोघेही सारखेच प्रबळ असल्यामुळे त्याचे द्रावण उदासीन राहते. मेदाम्ले मात्र दुर्बळ. त्यांचे अंश पाण्यातील हायड्रोजन ओढून घेतात, अल्काचा अंश मागे उरतो, आणि साबणाचे पाणी अल्कधर्मी होते. तुरटीचा प्रकार नेमका उलटा, तिचे पाणी आम्लधर्मी होते, म्हणून तिच्या तुरटपणाला आंबट झाकही असते.

ही आम्लता-अल्कता मोजण्याचे माप, म्हणजे सामू, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी १९०९ साली सिद्ध केले. ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची होती, हे ऐकून आमच्याकडील सोवळ्या मंडळींच्या भुवया उंचावतील! योगायोग असा की, जमशेदजी टाटांनी योजलेली बंगळूरची विज्ञानसंस्थाही त्याच वर्षी स्थापन झाली. सामूच्या मापात ७ म्हणजे उदासीन. लिंबाचा रस २ ते २.५ च्या आसपास, खाण्याचा सोडा ८ च्या थोडा वर, साबणाचे पाणी ९ ते १०, आणि धुण्याचा सोडा ११ च्याही पुढे. मिठाची परीक्षा नळाच्या पाण्यात घेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की, येणारा आकडा बहुतांशी पाण्याचाच असतो. मीठ बिचारे त्यात फारशी ढवळाढवळ करीत नाही.

मापयंत्र नसले तरी हळद आहेच. धोतरावरील वरणाचा पिवळा डाग साबण लागताच लालभडक होतो, आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा पडतो. हळदीला चुना किंवा टाकणखार यांसारख्या अल्काची जोड देऊन कुंकू करण्याची आपली जुनी रीत याच गुणावर उभी आहे.

आता या उदासीन मिठाची करामत पाहा. साबण शिजवण्याच्या जुन्या पद्धतीत उकळत्या कढईत मीठ टाकले जाते, ते साबणाचा अल्कधर्म मारण्यासाठी नव्हे, कारण ते सामर्थ्य त्याच्यात नाहीच. तर खाऱ्या पाण्यात साबण विरघळून राहू शकत नाही म्हणून. साबण दह्यासारखा फुटून वर तरंगतो, आणि ग्लिसरीन व उरलेला कॉस्टिक सोडा यांचे खारे पाणी तळाशी राहते, ते काढून घेतात. समुद्राच्या पाण्यात साध्या साबणाला फेस येत नाही, त्याला हे मीठही कारण आहे; खोबरेल तेलाचा साबण तेवढा त्या पाण्यातही फेसाळतो, आणि म्हणूनच गलबतांवरील खलाशी तोच बाळगीत असत.