हे वांगं बीटीचं आहे का?

वारजे माळवाडीत भाजी घेताना तुकतुकीत, एकही भोक नसलेलं वांगं हाती लागलं की शेजारचं कोणीतरी हमखास म्हणतं, "बीटीचं दिसतंय." ते तसं नसतं. बीटी हा जीएम, म्हणजे जनुकीय सुधारित वाणांचा एक प्रकार, आणि आपल्याकडे जीएम वांग्याच्या लागवडीला परवानगीच नाही. ती तकाकी संकरित वाणाची असते किंवा फवारणीची. बिनबियांची द्राक्षं आणि टणक टोमॅटोही उगाच या यादीत ओढले जातात.

देशात व्यापारी लागवड होते ती एकाच जीएम पिकाची, कपाशीची. पण कापूस आपण नुसता अंगावर घालत नाही. सरकीचं तेल फरसाणात उतरतं आणि सरकीची पेंड दुभत्या जनावरांपुढे पडते. त्यामुळे तपासणीचा प्रश्न शहरातल्या स्वयंपाकघराचाही आहे.

तपासतं कोण?

कायदा 1986 चा, पर्यावरण संरक्षणाचा, आणि त्याखालचे नियम 1989 चे. पहिली चाळणी संशोधन करणाऱ्या संस्थेतल्याच जैवसुरक्षा समितीची. दुसरी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या आरसीजीएम या समितीची. शेवटची पर्यावरण मंत्रालयातल्या जीईएसीची. शेतावर चाचणी घ्यायची तर राज्य सरकारचं ना-हरकत पत्रही लागतं, आणि तिथे अनेक फायली वर्षानुवर्षं पडून राहतात.

पोटासाठी

"हे शंभर टक्के सुरक्षित आहे का?" असा प्रश्न कोणताच नियामक विचारत नाही. तसं विचारलं तर शेंगदाणाही नापास होईल. प्रश्न असतो तो असा: आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलेल्या वाणाच्या तुलनेत या नव्या वाणात वेगळं काय आलं, आणि त्याने अपाय होतो का?

म्हणून आधी दोन्ही वाणांतली प्रथिनं, स्निग्धांश, जीवनसत्त्वं आणि नैसर्गिक विषारी घटक मोजून शेजारी शेजारी ठेवतात. मग नव्या जनुकामुळे तयार होणारं प्रथिन वेगळं काढून तपासतात. कृत्रिम जठररसात ते किती वेळ टिकतं? उष्णतेने मोडतं का? त्याची रचना माहितीतल्या ॲलर्जीकारक प्रथिनांशी जुळते का? यासाठी 80 अमिनो आम्लांचा एकेक तुकडा संगणकावर ताडून पाहतात. साम्य 35 टक्क्यांच्या वर गेलं की पुढची चौकशी सुरू. उंदरांना 90 दिवस खाऊ घालून रक्त, यकृत आणि मूत्रपिंड तपासतात. गायी, शेळ्या, कोंबड्या आणि मासे यांनाही ते खाद्य देऊन पाहतात.

बीटीतलं क्राय प्रथिन अळीला मारतं आणि माणसाला नाही, यामागे ठोस कारण आहे. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो. त्यात हे प्रथिन जागं होतं, आतड्याच्या अस्तरावरच्या ठरावीक जागांना चिकटतं आणि तिथे छिद्रं पाडतं. आपलं जठर आम्लधर्मी आहे आणि आपल्या आतड्यात त्या जागा नाहीत.

शेतासाठी

आधी बंदिस्त हरितगृह. मग पहिल्या पातळीच्या चाचणीत एका ठिकाणी जास्तीत जास्त एक एकर, दुसऱ्या पातळीत एक हेक्टर. परागकण किती लांब जातात, रानटी भाऊबंदांशी संकर होतो का, मधमाश्या, ढालकिडे आणि मातीतले जिवाणू यांना इजा होते का, हे सगळं नोंदवतात.

जालन्याचं वांगं

या साऱ्या चाळण्यांतून गेलेलं बीटी वांगं जालन्याच्या महिको कंपनीचं. 14 ऑक्टोबर 2009 रोजी जीईएसीने त्याला अनुकूल कौल दिला. तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी स्थगिती दिली. ती आजही कायम आहे. बांगलादेशाने मात्र 2013 मध्ये परवानगी दिली.

मोठा आक्षेप असा होता की, चाचण्यांचा खर्च आणि माहिती दोन्ही अर्जदार कंपनीकडूनच येतात. मला तो रास्त वाटतो. जगात बहुतेक ठिकाणी अशीच पद्धत आहे, औषधांच्या बाबतीतही. पण म्हणून स्वतंत्र प्रयोगशाळेत पडताळणी नको, असं होत नाही. उलट बाजूने, सोळा वर्षांत ती पडताळणी उभी न करता नुसती फाईल मिटून ठेवणं हीही सुरक्षितता नव्हे. स्थगितीमुळे वांग्यावरची कीटकनाशकाची फवारणी काही थांबलेली नाही.

परवानगीनंतर

खरी ढिलाई इथे झाली. बीटी कपाशीला 26 मार्च 2002 रोजी मान्यता देताना अट घातली होती की, शेताच्या कडेने साधी कपाशी लावायची, क्षेत्राच्या 20 टक्के किंवा पाच ओळी, यांपैकी जे जास्त असेल ते. तिथे वाढलेले साधे पतंग शेतातल्या प्रतिकारक पतंगांशी जुळावेत आणि प्रतिकारशक्ती पसरू नये, हा हेतू. त्यासाठी 450 ग्रॅमच्या पिशवीबरोबर साध्या बियाण्याचं 120 ग्रॅमचं पाकीट मिळायचं. दोन-चार एकरवाल्याने अळीसाठी ओळी का सोडाव्यात? बहुतेकांनी ते पाकीट पेरलंच नाही. कोणी विचारायलाही आलं नाही. 2017 च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने दोन बीटी जनुकं असलेली कपाशीही पोखरली. पुढे साधं बियाणं पिशवीतच मिसळून द्यायला सुरुवात झाली. ते सुचायला इतकी वर्षं लागायला नको होती.

एचटीबीटीचं काय?

तणनाशक सहन करणाऱ्या या कपाशीला मंजुरी नाही. महिकोने अशा वाणासाठीचा अर्ज 2016 मध्ये मागे घेतला. तरी निंदणीची मजुरी परवडत नाही म्हणून शेतकरी ती लावतात. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेने ती उघडपणे पेरून सत्याग्रह केला. त्यांची अडचण खरी आहे. पण चोरट्या पाकिटात नेमकं कोणतं वाण आहे, हे विकणाराही सांगू शकत नाही.

वारज्यात राहणाऱ्यांपैकी ज्यांची गावाकडे कपाशी आहे, त्यांनी पेरणीआधीच्या फोनवर एवढं जरूर सांगावं: बियाणं परवानाधारक दुकानातूनच घ्या, पक्की पावती मागा आणि पिशवी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. बियाणं फसलं तर तक्रारीला या दोन गोष्टी लागतात, आणि एचटीबीटीच्या पाकिटाबरोबर पावती मिळत नाही.