तालुक्यांची घनता नकाशावर कशी मांडावी?

पुणे जिल्ह्यात वस्ती कुठे दाट, कुठे विरळ हे दाखवणारा नकाशा आपण घरच्या संगणकावर करू शकता. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. सरावाला २०११ च्या जनगणनेतले जिल्ह्याचे १४ तालुके घेऊ.

१. साहित्य. आकड्यांचा तक्ता आणि शेपफाइल, म्हणजे तालुक्यांच्या सीमा साठवलेली फाइल, एवढे लागते. शेपफाइल हा खरे तर अनेक फाइलींचा संच. तो एकाच फोल्डरमध्ये ठेवावा. तक्ता आणि सीमा एकाच वर्षाच्या हव्यात. शहराचे प्रभाग घेतलेत तर हे फार जपावे लागते: पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली.

२. जोडणी. तक्त्यातली प्रत्येक ओळ आपापल्या तालुक्याला जोडायची, याला जॉइन म्हणतात. नावावरून जोडू नये. वेल्हे तालुका आता राजगड झाला; एकीकडे जुने, दुसरीकडे नवे नाव असले की तो तालुका कोराच राहतो. जनगणनेचा सांकेतांक वापरावा. मात्र हे सांकेतांक शून्याने सुरू होतात आणि एक्सेल ते शून्य गिळून टाकते. म्हणून तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून घ्यावा.

३. भागाकार. नुसती लोकसंख्या रंगवली तर विस्ताराने मोठा तालुका दाट वस्तीचा भासतो. म्हणून लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागून घनता काढावी. पडताळा सोपा आहे: जिल्ह्याची लोकसंख्या ९४,२९,४०८, क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर, म्हणून घनता ६०३. सगळ्या तालुक्यांच्या बेरजा करून भागल्यावर याच्या आसपास आकडा यावा. तालुक्यांच्या घनतांची सरासरी काढलीत तर तो भलताच येईल.

४. वर्गवारी. बहुतेकांचा नकाशा इथे बिघडतो. समान अंतराचे पाच वर्ग केले तर एकटा पुणे शहर तालुका गडद होतो आणि उरलेले तेराही तालुके सर्वांत फिकट गटात जातात. प्रत्येक गटात सारख्याच संख्येने तालुके घातले तर किरकोळ फरकाचे शेजारी वेगळ्या रंगांत दिसतात. त्यापेक्षा आकडे चढत्या क्रमाने लावावेत आणि जिथे मोठी फट दिसेल तिथे सीमा घालावी.

५. रंग आणि सूची. एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा वापराव्यात. माहिती नसलेला भाग राखाडी ठेवावा. पांढरा ठेवल्यास तिथे माणसेच नाहीत असे वाटते. सूचीत, म्हणजे रंगांचा अर्थ सांगणाऱ्या चौकटीत, एकक, वर्ष आणि आकड्यांचा स्रोत द्यावा. वर्गवारीची पद्धतही लिहावी, कारण ती बदलली की त्याच तक्त्याचा नकाशा वेगळे बोलू लागतो.