अवयव न शोधता

९१ ही मूळ संख्या आहे का? पाढ्यात चटकन आठवत नाही, म्हणून बरेच जण ‘हो’ म्हणून मोकळे होतात. पण तेरा साती एक्क्याण्णव!

लहान संख्येला असं भागून बघता येतं. शंभर अंकी संख्येसाठी मात्र तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे एकावर पन्नास शून्यांच्या घरात जावं लागेल. सेकंदाला लाख कोटी भागाकार करणारं यंत्र आणलं, तरी लागणाऱ्या वेळेपुढे विश्वाचं आजवरचं वय किरकोळ ठरेल. संगणकशास्त्राचा खरा प्रश्न इथे सुरू होतो. यंत्र किती वेगवान, ही चौकशी दुकानात करावी. शास्त्राला हवं असतं ते वेगळंच: अंक वाढत गेले की कामाच्या पायऱ्या कशा वाढतात? इथे दोन अंक वाढले की काम दहापट. मग यंत्र कुठवर पुरणार?

सतराव्या शतकातल्या फर्माचं एक सूत्र मदतीला येतं. विषम मूळ संख्या घ्या. २ चा तिच्याहून एकने कमी घात काढून तिनेच भागला, तर बाकी १ उरते. ९१ साठी २ चा ९० वा घात घ्यावा लागेल. २८ अंकांची ही राक्षसी संख्या लिहायची गरज नाही. वर्ग करत, दर वेळी बाकी तेवढी ठेवत गेलं की दहाएक गुणाकारांत काम होतं. बाकी उरते ६४. म्हणजे ९१ मूळ नाही, आणि आपण ७ किंवा १३ चं नावही घेतलं नाही!

पण ३४१ इथे फसवते. ती ११ गुणिले ३१ आहे, तरी बाकी १ च. त्यामुळे सुधारलेल्या चाचण्या नशिबावर थोडा भार टाकत राहिल्या. २००२ च्या ऑगस्टमध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि नुकतेच बी.टेक. झालेले नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी नशिबाचा भागच काढून टाकला. उत्तर खात्रीचं, आणि पायऱ्याही आटोक्यात. गंमत म्हणजे व्यवहारात आजही जुन्याच चाचण्या चालतात, कारण त्या अधिक झटपट आहेत आणि चुकीची शक्यता नगण्य.

संख्या मूळ नाही हे कळलं, तरी तिचे अवयव शोधणं वेगळंच दुखणं. संदेश गुप्त ठेवणाऱ्या १९७७ च्या आरएसए या सांकेतिक कुलपाची भिस्त त्यावरच आहे. साध्या संगणकावर ते कधीच झटपट जमणार नाही, हे मात्र आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही.