उशिरा पोचलेले सहाशे डॉलर

परीक्षा होती बहुतांशी सहावी-सातवीच्या गणिताची, त्यात थोडं बीजगणित. इंग्रजी दहावीच्या पातळीपर्यंतचं. ती पास न होणारी मुलं बसली होती बारावीच्या वर्गात, आणि त्यांना शिकवण्यासाठी सरकारने मंजूर केले होते दर मुलामागे सहाशे डॉलर. कॅलिफोर्नियातलं २००५-०६ सालचं हे चित्र बघितलं की पहिला प्रश्न मनात येतो तो पैसा पुरेसा होता का हा नव्हे. सातवीत राहिलेलं गणित बारावीत दिसेपर्यंत मधली पाच वर्षं सगळे काय करत होते, हा खरा प्रश्न.

आपल्याकडे दहावी-बारावीच्या बोर्डाची इतकी सवय आहे की अमेरिकेतली जुनी पद्धत आधी सांगायला हवी. तिथे शाळेचा डिप्लोमा बोर्ड देत नसे. ठरलेले विषय घेतले, वर्गातल्या गुणांवर पुरेशी क्रेडिट्स जमवली, की स्थानिक शालेय प्रशासन तो देऊन टाकी. अशा डिप्लोम्याला किंमत काय, अशी कुरकूर वाढत गेली आणि १९९९ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला: राज्यभर एकच परीक्षा, ती पास झाल्याशिवाय डिप्लोमा नाही. विधेयक मांडणारे होते सिनेटर जॅक ओ’कॉनेल, पूर्वाश्रमीचे शिक्षक. सही गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांची. लोक तिला एक्झिट एक्झाम म्हणू लागले.

पास होण्याची रेघ फार वर नव्हती. गणितात साधारण ५५ टक्के उत्तरं बरोबर आली तर चाले, इंग्रजीत ६० टक्के. दहावीत पहिला प्रयत्न, राहिलं तर अकरावीत, बारावीत पुन्हा पुन्हा. तरीही सुरुवातीचे निकाल पाहून सरकारचे धाबे दणाणले. २००४ च्या तुकडीपासून सक्ती होणार होती. राज्य शिक्षण मंडळाने जुलै २००३ मध्ये ती दोन वर्षं पुढे ढकलली आणि २००६ ची तुकडी पहिली सापडली.

आणि मग पैसा आला. २००५-०६ च्या अर्थसंकल्पात दोन कोटी डॉलर, दर मुलामागे सहाशे. साधा भागाकार केला तर सुमारे ३३ हजार मुलांपुरता. ज्या शाळांत नापासांचं प्रमाण सर्वांत जास्त, त्यांना आधी. कागदावर ही अट न्याय्य वाटते. पण बऱ्या शाळेत मागे पडलेल्या एकट्या-दुकट्या मुलाचं काय? तो नापास तेवढाच, पण त्याची शाळा पुरेशी नापास नाही. निधी मुलाच्या नावाने मंजूर व्हायचा आणि शाळेच्या टक्केवारीने वाटला जायचा. सरकारी योजनांची ही जुनी खोड आपल्याला नवी नाही.

२००६ च्या वसंतात बारावीतली सुमारे ४७ हजार मुलं अजून अडकलेली होती. त्यात गरीब घरातली आणि घरी इंग्रजी न बोलणारी मुलं त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त. त्यांच्यापैकी काहींच्या वतीने फेब्रुवारीत दावा दाखल झाला, वकील होते आर्तुरो गोन्झालेस. दाव्याचं नाव ‘व्हॅलेन्झुएला विरुद्ध ओ’कॉनेल’. हे ओ’कॉनेल तेच, कायदा करणारे. एव्हाना ते राज्याचे शिक्षणप्रमुख म्हणून निवडून आले होते, आणि आपल्याच परीक्षेच्या बचावासाठी प्रतिवादी म्हणून उभे होते.

दाव्याचा गाभा सरळ होता. जे शिकवलंच नाही त्यावर परीक्षा घेऊन डिप्लोमा रोखता येईल का? कॅलिफोर्नियात हा प्रश्न हवेतला नव्हता. १९७१ च्या सेरानो खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा मूलभूत हक्क मानला होता. २००४ मध्ये विल्यम्स खटल्याच्या तडजोडीत पुस्तकं, पात्र शिक्षक आणि धड इमारती यांची कमतरता सरकारने एका अर्थी कबूलच केली होती. १२ मे २००६ रोजी अलामेडा काउंटीचे न्यायाधीश रॉबर्ट फ्रीडमन यांनी परीक्षेच्या अटीला मनाई केली. गरीब शाळांतल्या मुलांना शिकण्याची समान संधी मिळालेली नाही, हे त्यांना पटलं होतं. बारा दिवसांनी, २४ मे रोजी, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई थांबवली. पदवीदान समारंभ तोंडावर आलेले. त्या बारा दिवसांत त्या घरांतून काय काय ठरलं आणि मोडलं असेल, त्याचा हिशेब कुठल्याच निकालपत्रात सापडायचा नाही.

ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने मनाई रद्दच केली. पण त्या निकालातला एक धागा पुढच्या सगळ्या घडामोडींना कारणीभूत ठरला. शिकवलं गेलं नाही ही तक्रार असेल, तर त्यावरचा इलाज न शिकताच डिप्लोमा देणं हा नव्हे, इलाज शिकवणं हाच, असा न्यायालयाचा सूर होता. म्हणजे परीक्षा राहिली, आणि शिकवण्याची जबाबदारी सरकारच्या गळ्यात आली. जादा निधी वाढला. २००७ मध्ये दोन्ही बाजूंत तडजोड झाली आणि तिच्यातून असेंब्ली विधेयक ३४७ आलं. गव्हर्नर होते अर्नोल्ड श्वार्झनेगर, आपल्याकडे ‘टर्मिनेटर’मुळे माहीत असलेले. बारावी संपूनही परीक्षा न सुटलेल्या मुलाला पुढची दोन वर्षं सलग, विनामूल्य, जादा शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला. नुसती योजना नव्हे, हक्क. वर्गात तशी सूचना लावायची, शिकवणी मिळाली नाही तर तक्रार करायची, त्या तक्रारीला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं. नापास मुलाला सरकारकडे बोट दाखवून ‘माझे तास कुठे आहेत?’ असं विचारता येईल, अशी तरतूद मी तरी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही.

मग त्याने फरक पडला का?

इथे अँड्र्यू झाऊ आणि ज्युलियन बेट्स या दोन अर्थतज्ज्ञांचं काम मोलाचं आहे. त्यांनी सॅन दिएगोच्या शाळांमधली मुलं वर्षानुवर्षं मागे जात तपासली आणि २००८ मध्ये अहवाल दिला. एक्झिट एक्झाम कोण नापास होणार, हे चौथीतल्या नोंदींवरून जवळपास तितक्याच खात्रीने सांगता येत होतं, जितकं नववीतल्या नोंदींवरून. वर्गातले गुण, गैरहजेरी, वर्गातली वागणूक, इंग्रजी किती येतं: सगळं नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात लिहिलेलं होतं. आठ वर्षं ते कोणी मोठ्याने वाचलं नाही, इतकंच. अहवालाचा रोख अर्थातच निधीवर होता: पैसा बारावीत आणि त्यानंतर ओतण्यापेक्षा खालच्या वर्गांकडे वळवा. पुढे २०१२ मध्ये बेट्स आणि सहकाऱ्यांनी बारावीतले जादा तास, परीक्षेच्या तयारीचे खास वर्ग आणि ते दोन वर्षांचं हक्काचं शिक्षण यांचा परिणाम तपासला, तेव्हा फारसं हाती लागलं नाही.

मला त्यात नवल वाटत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला शाळा सुटल्यावर थांबवून ठेवायचं, तर त्याला हॉटेलातलं किंवा दुकानातलं कामही करायचं असतं. शिकवणारा बहुधा बाहेरचा, तासावर पैसे घेणारा. हाती वेळ थोडा, म्हणून अपूर्णांक समजावण्याऐवजी मागच्या प्रश्नांसारखे प्रश्न घोटून घ्यायचे. काही मुलं त्यातून निघतातही, जी रेघेच्या अगदी जवळ होती ती. रेघेपासून लांब असलेलं मूल तसंच राहतं आणि हिशेबात मात्र त्याचे सहाशे डॉलर खर्ची पडलेले दिसतात. संशोधक शॉन रिअर्डन आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासाने याची दुसरी बाजू दाखवली. परीक्षा सक्तीची झाल्यावर सर्वांत कमी गुणांच्या चौथ्या हिश्शातल्या मुलांचं शाळा पूर्ण करण्याचं प्रमाण सुमारे १५ टक्के बिंदूंनी घसरलं. या मुलांच्या गुणांत मात्र सुधारणा दिसली नाही.

निधीच्या रचनेतच आणखी एक गोची होती. नापासांच्या संख्येवर पैसा मिळतो, म्हणजे शाळेने नेटाने शिकवून मुलं पास केली की पुढच्या वर्षी तिचा पैसा कमी. चांगल्या कामाची शिक्षा असं कोणी म्हणणार नाही, पण फायलीत ते तसंच उमटतं. शिक्षक नेमायचा तर त्याला पुढच्या वर्षीची शाश्वती द्यावी लागते, आणि नापासांच्या आकड्यावर शाश्वती कोण देणार?

शेवटी हा पैसा निकालांनी नाही, मंदीने संपवला. फेब्रुवारी २००९ च्या अर्थसंकल्पात कॅलिफोर्नियाने सुमारे चाळीस बांधील योजनांचे पैसे मोकळे केले. त्यांत सुमारे पाचव्या हिश्शाची कपात झाली आणि उरलेली रक्कम स्थानिक प्रशासनाने हवी तिथे वापरावी अशी मुभा मिळाली. एक्झिट एक्झामची शिकवणी त्याच यादीत. शिक्षकांना नोकरीवरून काढायची वेळ आली असताना जादा तासांचे पैसे कुणी राखून ठेवले असतील, हे सांगायला नको. हक्क कायद्यात होता, लेखाशीर्ष मात्र मोकळं झालं होतं.

२०१५ मध्ये परीक्षाच बंद पडली. अभ्यासक्रम बदलला होता, परीक्षा घेणाऱ्या कंपनीचा करार संपला होता, त्या उन्हाळ्यातली परीक्षा झालीच नाही. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्या सहीने ती स्थगित झाली, आणि फक्त हिच्यापायी अडकलेल्या जुन्या तुकड्यांना, २००३-०४ पासून पुढच्या सगळ्यांना, पूर्वलक्षी डिप्लोमा देण्याचा हुकूम निघाला. अपील न्यायालयाने २००६ मध्ये जे नाकारलं, ते नऊ वर्षांनी सरकारने आपण होऊन दिलं. तोवर ती मुलं तिशीकडे झुकली होती.

दरम्यान ब्राऊन यांनी २०१३ मध्ये निधीचं सूत्रच बदललं होतं. आता नापास होईपर्यंत थांबायचं नाही. मूल गरीब आहे, इंग्रजी शिकतं आहे किंवा सरकारी देखरेखीखाली पालक-कुटुंबात आहे, एवढ्यावरच पहिल्या दिवसापासून शाळेला वीस टक्के जास्त. अशी मुलं फार असतील तिथे त्याहून जास्त. माझ्या मते हा बदल त्या परीक्षेपेक्षा कितीतरी महत्त्वाचा. पण त्यातही छिद्र आहेच. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१९ मध्ये तपासलं, तेव्हा हा जादा पैसा नेमका त्याच मुलांवर खर्च झाला का, हे सांगता येईना. बांधून दिला तर पैसा अडतो, मोकळा सोडला तर विरघळतो. मधला मार्ग अजून कुणाला नीट सापडलेला दिसत नाही. इंग्लंडनेही कोविडनंतर शिकवणीची राष्ट्रीय योजना काढली. सरकारनेच नेमलेल्या केव्हन कॉलिन्स यांनी बुडालेलं शिक्षण एकूणच भरून काढण्यासाठी सुमारे १५ अब्ज पौंडांची गरज सांगितली, सरकारने १.४ अब्ज देऊ केले, त्यांनी जून २०२१ मध्ये राजीनामा दिला. पुढे शिकवणीचं अनुदान खर्चाच्या ६० टक्क्यांवर, मग ५० टक्क्यांवर आलं आणि ऑगस्ट २०२४ मध्ये योजना संपली.

चौथीतच सगळं दिसतं, हे सॅन दिएगोला आकडेमोडीतून कळलं. मुंबईत त्या वयातच मदत करणं आधीच करून पाहिलेलं होतं. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेची बालसखी योजना मुंबई-बडोद्याच्या पालिका शाळांत चालली. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं, वस्तीतलीच शिकलेली एक मुलगी, शाळेच्याच वेळातले दोन तास. तिचं मानधन महिना पाचशे ते साडेसातशे रुपये. २००१ ते २००३ या काळात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याची काटेकोर तपासणी केली. पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतकी प्रगती निघाली, आणि शालेय प्रयोगांत दुसरा आकडा चांगलाच मानला जातो. खर्च दर मुलामागे वर्षाला सव्वादोन डॉलरच्या आसपास, म्हणजे तेव्हाचे शंभर-सव्वाशे रुपये. त्याहून बोलकं असं की फायदा झाला तो बालसखीकडे गेलेल्या मुलांना. ती उठून गेल्यावर वर्गात जी मुलं उरली, त्यांचा वर्ग लहान झाला तरी त्यांच्यात फरक दिसला नाही. वर्षभराने प्रगतीचा बराच भाग ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे. तेव्हा बालसखी हा काही रामबाण नव्हे. पण बारावीतल्या सहाशे डॉलरशेजारी चौथीतले सव्वादोन डॉलर ठेवून पाहावेत.

महाराष्ट्रानेही २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आणलं. पायाभूत चाचण्या आल्या, मागे राहिलेल्या मुलांची नावं शिक्षकांना तोंडपाठ झाली. ‘उपचारात्मक अध्यापन’ हा शब्द प्रत्येक शाळेच्या फायलीत शिरला. आता वारं उलटं फिरलं आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन मुलांना मागे ठेवण्याची वाट मोकळी झाली. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेचे नियम केले. नापास झालेल्या मुलाला पूरक मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा, तरीही न जमल्यास त्याच वर्गात. डिसेंबर २०२४ च्या केंद्राच्या नियमांतही निकालापासून दोन महिन्यांत पुनर्परीक्षा आहे, उणिवा शोधून मार्गदर्शन करणारा वर्गशिक्षक आहे, मागे ठेवलेल्या मुलांची यादी ठेवून लक्ष घालणारा मुख्याध्यापक आहे. रक्कम नाही.

पाचवी म्हणजे बारावीहून सात वर्षं आधी, एवढं तरी कॅलिफोर्नियापेक्षा बरं. पण वेळापत्रक बघा. निकाल महाराष्ट्र दिनाच्या सुमारास लागायचा, शाळा १५ जूनला उघडायच्या, विदर्भात त्याहूनही उशिरा. पूरक मार्गदर्शनाचे आठवडे सगळे उन्हाळी सुटीत. शिक्षक गावी गेलेले, मूल मामाकडे, नाहीतर आईबापांबरोबर कामावर. त्या आठवड्यांत वर्ग कोण उघडणार, शिकवणाऱ्याला मानधन कुठल्या शीर्षाखाली, मुलाला माध्यान्ह भोजन मिळणार की नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीने मार्चच्या बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्यावं. एप्रिलमध्ये पेपर, मेमध्ये कुलूप.