लागतो आणि विझतो!

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीने आम्हांला एक कोडे घातले. गाडी बारा वर्षांची. तिच्या डॅशबोर्डवर एक लहानसा पिवळा दिवा आहे. मध्ये वर्तुळ आणि दोन्ही बाजूंना तुटक रेघांचे कंस, अशी त्याची खूण. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत तिचा अर्थ दिला आहे : ब्रेकपॅड झिजले आहेत, बदलून घ्या.

हा दिवा एका सकाळी लागला आणि पाच मिनिटांत विझला. दोन दिवसांनी पुन्हा लागला, पुन्हा विझला. गॅरेजमध्ये गाडी नेली तेव्हा तर तो लागलाच नाही. दवाखान्याची पायरी चढताच दुखरी दाढ थांबावी, तसा प्रकार! गॅरेजमधल्या कारागिराने चाकाजवळ हात घालून एक वायर बाहेर ओढून दाखवली आणि म्हणाला, "साहेब, ह्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकतो. परत कधी दिवा लागायचा नाही."

त्याचे म्हणणे खरे होते. तसे केल्यावर दिवा पुन्हा कधीच लागला नसता. पण आम्हांला गणपतीला घरातली माणसे घेऊन घाट उतरायचा होता. दिवा विझणे आणि ब्रेक ठीक असणे या दोन गोष्टी एकच आहेत का, हा प्रश्न त्यामुळे आमच्या दृष्टीने नुसता तात्त्विक राहिला नव्हता.

ब्रेकपॅडचे काम

गाडीच्या चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरत असते. आपण ब्रेकचा पायटा दाबला की नळ्यांतले ब्रेक ऑइल एका दट्ट्याला पुढे ढकलते आणि तबकडीच्या दोन्ही बाजूंना असलेले दोन पॅड तिला चिमटीत पकडतात. घर्षण होते, गाडीची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलते आणि गाडी थांबते.

ही उष्णता किती असते? १००० किलोग्रॅम वस्तुमानाची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात आहे असे समजू. तिची गतिज ऊर्जा ½ × १००० × २० × २० = २ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेने सुमारे ६०० मिलिलिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून उकळीला येईल. गाडी एकदा थांबवायची तर एवढी उष्णता निर्माण होते. आता हीच गाडी ५०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा काय होते ते पाहा. स्थितिज ऊर्जेतली घट १००० × १० × ५०० = ५० लाख ज्यूल, म्हणजे वरच्यासारखे पंचवीस वेळा थांबण्याइतकी! यातला काही भाग हवेचा विरोध आणि इंजिन घेते. म्हणूनच घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा, असे जाणते चालक सांगतात. उरलेला सगळा भार पॅडवर पडतो.

नव्या पॅडवर घर्षणद्रव्याचा साधारण १० ते १२ मिलिमीटर जाडीचा थर असतो. तो दर वेळी थोडा थोडा झिजतो. २-३ मिलिमीटर उरला की पॅड बदलायचे. तसे न केल्यास थर संपून मागची पोलादी पट्टी तबकडीवर घासू लागते आणि ब्रेक नीट लागेनासे होतात.

दिव्यामागची तार

झीज चालकाला कळावी कशी? काही गाड्यांत पॅडला एक लहानशी धातूची पट्टी लावलेली असते. थर पुरेसा झिजला की ती तबकडीला टेकते आणि कर्कश आवाज येऊ लागतो. आमच्या गाडीत मात्र विजेची युक्ती आहे. पॅडच्या आत, ठरावीक खोलीवर, तारेचे एक वेटोळे बसवलेले असते. त्यातून अगदी अल्प विद्युतप्रवाह सतत वाहतो. पॅड तेवढ्या खोलीपर्यंत झिजला की तबकडी ती तारही कापून टाकते. प्रवाह खंडित होतो आणि दिवा लागतो.

येथे क्षणभर थांबू या. प्रवाह *सुरू* झाला की दिवा लागेल, अशीही रचना करता आली असती. पॅडमध्ये तारेचे नुसते एक टोक ठेवायचे. झीज झाली की ते तबकडीला टेकेल, परिपथ पूर्ण होईल आणि दिवा लागेल. काही गाड्यांत अशी रचना असतेही, आणि ती सोपीही आहे. मग प्रवाह *तुटण्याची* रचना कशासाठी?

समजा, वाटेत कुठेतरी तार तुटली. टेकणाऱ्या तारेच्या रचनेत दिवा कधीच लागणार नाही. पॅड झिजून संपले तरी आपण निर्धास्तच राहू. तुटणाऱ्या तारेच्या रचनेत मात्र दिवा ताबडतोब लागेल. पॅड चांगले असतील, म्हणजे ती सूचना खोटी असेल, पण ती आपल्याला गॅरेजपर्यंत नेईल. चूक होणारच असेल तर ती सुरक्षित बाजूला व्हावी, हे या रचनेमागचे तत्त्व आहे.

रेल्वेत हे तत्त्व फार पूर्वीपासून वापरले जाते. अमेरिकन अभियंता विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये बंद परिपथाच्या योजनेचे एकस्व घेतले. या योजनेत रुळांतून सतत मंद प्रवाह वाहतो आणि तो वाहत असेपर्यंतच सिग्नल 'मार्ग मोकळा' असे दाखवतो. गाडी आली की तिची चाके व आस दोन रूळ जोडतात, प्रवाह मधूनच परततो आणि सिग्नल धोका दाखवतो. रूळ तुटला, तार तुटली किंवा बॅटरी संपली, तरीही सिग्नल धोकाच दाखवतो.

आता त्या कारागिराच्या सूचनेचा अर्थ लक्षात येईल. दोन वायरी जोडल्या की प्रवाह कधीच खंडित होणार नाही. म्हणजे बिघडलेला रखवालदार दुरुस्त करण्याऐवजी त्याच्या तोंडात बोळा कोंबण्याचाच तो प्रकार!

नोंदवहीची मदत

सतत असणारा दोष शोधणे सोपे असते, कारण तो आपली वाट पाहत थांबतो. येऊनजाऊन असणारा दोष थांबत नाही. पण त्याची एक गोष्ट आपल्या फायद्याची असते. तो केव्हा येतो आणि केव्हा येत नाही, ही दोन्ही प्रकारची माहिती तो देतो. म्हणून 'काय बदलू?' असे विचारण्याऐवजी आम्ही 'केव्हा लागतो?' असे विचारायचे ठरवले.

त्याआधी संभाव्य कारणांची यादी केली आणि प्रत्येक कारण खरे असेल तर दिवा केव्हा लागेल, याचे भाकीत लिहून ठेवले.

१. पॅड खरोखरच झिजले असून तार नुकतीच कापली जात आहे. तसे असेल तर तारेची टोके मधूनमधून टेकतील. दिव्याचा संबंध ब्रेक दाबण्याशी दिसेल आणि दिवसेंदिवस दिवा जास्त वेळा लागेल.

२. जोडणीत पाणी किंवा गंज शिरला आहे. तसे असेल तर पाऊस आणि गाडी धुणे यांच्याशी संबंध दिसेल.

३. चाकाजवळची तार आतून तुटली आहे. तसे असेल तर चाक वळणे आणि खड्डे यांच्याशी संबंध दिसेल.

४. दोष चाकाकडे नसून डॅशबोर्डमध्येच आहे. तसे असेल तर वरच्यापैकी कशाशीच संबंध दिसणार नाही.

मग गाडीत एक वही ठेवली. दिवा लागला की शेजारी बसलेल्याने वेळ, पाऊस, रस्ता, वळण आणि ब्रेक यांची नोंद करायची. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. पावसात लागल्याच्या आणि कोरड्या दिवशी लागल्याच्या नोंदी जवळजवळ सारख्याच होत्या. ब्रेक दाबलेला असताना फक्त तीनदा. पण अकरापैकी नऊ वेळा गाडी उजवीकडे वळत होती किंवा नुकतीच वळली होती! डावीकडे वळताना एकदाही दिवा लागला नव्हता. तिसऱ्या कारणाचे पारडे जड झाले.

मात्र येथे एक धोका असतो. एकदा मनात कारण पक्के झाले की सोयीच्या नोंदी तेवढ्या लक्षात राहतात. म्हणून पुढची पायरी मोजमापाची.

मोजमाप

आम्ही दुसऱ्या एका गॅरेजमध्ये गेलो. गाडी सपाट जागी, टेकू देऊन उभी केली. (हे काम जाणकारानेच करावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.) आमच्या गाडीत पुढच्या दोन चाकांपैकी फक्त डाव्या चाकाच्या पॅडमध्ये तार आहे. तेथील पॅडची जाडी मोजली. ती ७ मिलिमीटर भरली. पहिले कारण बाद झाले.

मग जोडणी सोडवून तारेच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला. चाक सरळ असताना रोध एका ओहमपेक्षाही कमी, म्हणजे तार अखंड. चाक हळूहळू उजवीकडे वळवत नेले आणि शेवटाजवळ येताच रोध एकदम अनंत झाला. सरळ केले, पुन्हा शून्याजवळ. पाच वेळा करून पाहिले, पाचही वेळा तेच.

तार बाहेरून धडधाकट दिसत होती. तिला धरून ठेवणारी चिमटी निसटली होती, त्यामुळे प्रत्येक वळणावर ती एकाच जागी वाकत होती. तांब्याची तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली तर तुटते, हे आपण हाताने करून पाहिलेले असते. येथे आवरणाच्या आतले तांबे तुटले होते आणि आवरण शाबूत होते. तुटलेली टोके चाक सरळ असताना एकमेकांना टेकत आणि उजवीकडे वळताना ओढ बसून सुटत. कोडे सुटले!

दुसरे चाक

गाडी उचललेलीच होती, म्हणून पुढचे उजवे चाकही काढून पाहिले. तेथील बाहेरचा पॅड ६ मिलिमीटर होता, पण आतला जेमतेम २ मिलिमीटर. पॅडना धरून ठेवणारा भाग ज्या दोन खिळ्यांवर सरकतो, ते खिळे गंजून अडकले होते. त्यामुळे ब्रेक सोडल्यावरही आतला पॅड तबकडीला घासत राहत होता. या चाकात तार नव्हती. दिव्याला त्याची काहीच माहिती नव्हती.

म्हणजे दिवा लागला होता तेथे पॅड चांगले होते, आणि जेथे पॅड संपत आला होता तेथे दिवा नव्हताच. केवळ तार बदलून आम्ही घरी गेलो असतो तर दिवा विझला असता आणि आम्ही खुशाल घाट उतरायला निघालो असतो. कोणताही सूचक आपल्याला फक्त तो ज्याला जोडला आहे त्याबद्दलच सांगतो. बाकीचे आपण गृहीत धरतो.

दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, खिळे साफ करून त्यांना योग्य ग्रीस लावले, नवी तार चिमटीत नीट बसवली. गणपतीला घाट उतरलो, अर्थात खालच्या गिअरमध्ये.

पुष्कळ गाड्यांत पॅडसाठी वेगळा दिवा नसतो. ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली की लागणारा लाल दिवाच तेवढा असतो, आणि बहुधा तोच हँडब्रेकसाठीही वापरतात. पॅड झिजले की दट्टे पुढे सरकतात आणि त्यांच्यामागची जागा भरायला टाकीतले ऑइल उतरते. दट्ट्याचा व्यास ५ सेंटिमीटर आणि चाकाच्या दोन्ही पॅडची झीज मिळून १.४ सेंटिमीटर धरली, तर दोन चाकांत मिळून किती ऑइल उतरेल? विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर द्यावे. उत्तर साधारण ५५ मिलिलिटर येते. पातळी काठावर असेल तर चढावर किंवा वळणावर ऑइल हिंदकळून तो दिवाही लागतो-विझतो. अशा वेळी नुसते ऑइल भरून दिवा विझवू नये. आधी पॅड पाहावेत आणि ऑइल कुठे गळते आहे का तेही पाहावे.

वर्गात करून पाहा

साहित्य : ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रोधक, लाल एलईडी, बारीक तांब्याची तार, मेणबत्तीचा तुकडा, पॉलिश पेपर.

बॅटरी, रोधक आणि एलईडी एकसरीत जोडा. एलईडी लागेल. आता तारेचे वेटोळे मेणात अर्धा सेंटिमीटर खोल बसवा आणि त्याची दोन टोके एलईडीच्या दोन टोकांना जोडा. प्रवाहाला तारेतून सोपी वाट मिळते, म्हणून एलईडी विझेल. मेणाचा तुकडा पॉलिश पेपरवर घासत राहा. तार कापली जाताच एलईडी लागेल. रोधक गाळून प्रयोग करू नका; बॅटरी आणि तार तापतील.

आता विद्यार्थ्यांना विचारा : बॅटरीच संपली तर काय होईल? एलईडीच जळाला तर? या दोन्ही वेळी आपला रखवालदार गप्प बसेल. गाडीची किल्ली फिरवताच डॅशबोर्डवरचे बरेच दिवे क्षणभर का लागतात, याचे उत्तर येथे आहे. रखवालदार जागा आहे ना, हे रोज एकदा पाहून घ्यायचे असते. किल्ली फिरवल्यावर एखादा दिवा लागलाच नाही, तर तीही नोंद वहीत करावी.