एका मिनिटात किती प्राणी?

घड्याळ समोर ठेवा आणि बरोबर साठ सेकंद प्राण्यांची नावं मोठ्यानं म्हणा. गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, कुत्रा, मांजर... गोठा आणि अंगण संपेपर्यंत जीभ सुसाट धावते. मग एकदम अडतं. क्षणभर काहीच सुचत नाही. तेवढ्यात वाघ आठवतो आणि त्याच्यामागून बिबट्या, तरस, कोल्हा, लांडगा, रानडुक्कर असं अख्खं रान बाहेर पडतं. पुन्हा अडतं. आता कुणी राणीच्या बागेत शिरतो, कुणी समुद्रात उतरतो.

ते मधलं अडणं आणि त्यातून सुटणं फार मोलाचं आहे. हा कप्पा रिकामा झाला हे ओळखायचं, तो मिटून दुसरा उघडायचा, आधी सांगितलेली नावं ध्यानात ठेवायची आणि हे सगळं घाईघाईनं करायचं. कपाळामागचा मेंदू त्या मिनिटात चांगलाच राबत असतो.

इटलीतल्या पादुआ शहरातल्या संशोधकांनी २०१७ साली लिव्हर सिरॉसिसच्या रुग्णांना नेमकं हेच करायला सांगितलं. कागद नाही, सुई नाही, यंत्र नाही. वय आणि शिक्षण यांचा हिशेब धरून त्यांनी ढोबळ पायऱ्या आखल्या. पंधराच्या वर नावं आली तर मेंदूचं काम ठीक चाललेलं असण्याची शक्यता जास्त, आणि दहाच्या खाली गेलं तर शंका घ्यायला भक्कम जागा. हे आकडे तिथल्या माणसांवरून काढलेले आहेत, त्यामुळे घरी बसून कुणावर शिक्का मारायला ते वापरू नका. पण मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा थक्क झालो. उजव्या बरगड्यांखाली बसलेल्या यकृताची खबर प्राण्यांच्या यादीतून कशी काय मिळते?

या प्रश्नाचा माग काढत गेलं की आपण रशियात पोचतो. आतड्यांतून निघालेलं रक्त एका जाड शिरेतून आधी यकृतात जातं आणि तिथून पुढे हृदयाकडे. निकोलाय एक नावाच्या डॉक्टरांनी १८७७ साली कुत्र्यांमध्ये ही शीर थेट हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेला जोडून दिली. रक्तानं यकृताला वळसा घातला. पुढे १८९०च्या दशकात इव्हान पावलोव यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये सहकाऱ्यांसह हीच शस्त्रक्रिया केली. लाळ गाळणाऱ्या कुत्र्यांच्या प्रयोगामुळे शाळेपासून आपल्या ओळखीचे झालेले तेच पावलोव. त्यांच्या कुत्र्यांचं वागणं बदललं. ती चिडकी झाली, अडखळत चालू लागली, आणि भरपूर मांस खाल्लं की त्यांना झटके यायचे, कधी ती बेशुद्ध पडायची. डोक्याला कुणी हातही लावला नव्हता. बदलली होती ती फक्त पोटातल्या रक्ताची वाट.

मांस काय किंवा डाळ काय, प्रथिनं पचताना आणि आतड्यातले जिवाणू आपलं काम करताना अमोनिया तयार होतो. गोठ्यात किंवा मुतारीत नाकाला झोंबतो तोच. निरोगी यकृत या अमोनियाचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे बाहेर जातो. शेतकरी ज्या युरियाचं पोतं खांद्यावरून नेतो त्यातला रेणू आणि आपल्या यकृतात या क्षणी तयार होणारा रेणू एकच. हे रूपांतर कसं घडतं त्याचं चक्र हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्झेलाइट यांनी १९३२ साली उलगडलं.

सिरॉसिसमध्ये, मग तो दारूमुळे झालेला असो, हिपॅटायटिसमुळे असो किंवा वर्षानुवर्षं साचलेल्या चरबीमुळे, यकृतात जागोजागी व्रण पडून ते घट्ट होतं. काम करणाऱ्या पेशी कमी होतात आणि अडलेलं रक्त आडवाटा शोधतं. निकोलाय एक यांनी हातानं केलं तेच शरीर आपल्या आपण करू लागतं. सुटलेला अमोनिया मेंदूत पोचतो. तिथे चेतापेशींची देखभाल करणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी असतात. त्या हा अमोनिया पकडून त्याचं ग्लुटामिन बनवतात. शेजारणीवरचं संकट त्या अंगावर घेतात म्हणा ना. पण साठलेलं ग्लुटामिन पाणी ओढून घेतं, पेशी किंचित फुगतात, आणि मेंदूतला सगळा संवाद थोडा संथ होतो.

हा संथपणा वाढला की घरच्यांना कळतोच. माणूस दिवसा झोपतो आणि रात्री टक्क जागा असतो, पुढे धरलेले पंजे फडफडतात, बोलणं असंबद्ध होतं, शेवटी शुद्ध हरपते. माझं लक्ष वेधून घेतलं ते त्याच्या कितीतरी आधीच्या पायरीनं. डॉक्टर तिला मिनिमल हिपॅटिक एन्सेफॅलोपथी म्हणतात. या पायरीवर तपासणीच्या खोलीत काहीच दिसत नाही. कारण भाषा आणि जुनं ज्ञान शाबूत असतं. 'काका, कसं वाटतंय?' म्हटलं की काका व्यवस्थित उत्तर देतात, नातवाच्या मुंजीची तारीखही सांगतात. मंदावलेलं असतं ते अवधान, हातांचा वेग, डोळ्यांनी अंतर जोखणं आणि दोन गोष्टी एकदम सांभाळणं. गप्पांमध्ये यातलं काहीच पणाला लागत नाही. गाडी चालवताना मात्र सगळंच लागतं. अमेरिकेत जसमोहन बजाज यांनी अशा रुग्णांच्या गाडी चालवण्याचा अभ्यास केला, तेव्हा आपलं चालवणं बिघडलंय याची जाणीवच बऱ्याच जणांना नसल्याचं दिसलं. ते खोटं बोलत नव्हते. जो मेंदू चुकतो त्याच मेंदूला चूक ओळखायची असते, आणि नेमकं तिथेच अडतं.

म्हणून मोजणं आलं. मोजण्याची साधनं इतकी साधी आहेत की विश्वास बसत नाही. एका कागदावर १ ते २५ आकडे विखुरलेले, ते क्रमानं रेघेनं जोडायचे आणि घड्याळ लावायचं. अमेरिकी सैन्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वापरलेल्या परीक्षेतून आलेली ही चाचणी हॅरॉल्ड कॉन यांनी १९७७ साली यकृताच्या रुग्णांसाठी पुढे आणली. जर्मनीत तिच्यासह पाच कागदी चाचण्यांचा संच तयार झाला. त्यात एका कागदावर घाटरस्त्यासारख्या वळणावळणाच्या दोन समांतर रेघा असतात आणि कडांना न धडकता मधून पेन्सिल न्यायची असते. वेळही मोजतात आणि चुकाही. ही चाचणी मला घाटातल्या गाडीइतकीच खरी वाटते.

पण ज्या माणसाच्या हातात कधी पेन्सिलच आली नाही त्याचं काय? आकडे जोडायला उशीर लागला तर दोष यकृताचा की शाळेचा? हा प्रश्न आपल्याकडच्या डॉक्टरांना पडला. राधाकृष्ण धीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली आकड्यांच्या जागी चित्रं असलेली चाचणी मांडली. या साऱ्या कहाणीत माझी सर्वांत आवडती कल्पना हीच. परीक्षा कठीण करणं सोपं असतं. शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला ती सारखीच न्याय्य करणं अवघड असतं. प्राण्यांच्या नावांतही हाच मोठेपणा आहे. आयुष्यभर गुरं राखलेल्या आजीला त्यासाठी अक्षरओळख लागत नाही.

एक चाचणी तर डोळ्यातून होते. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो, पण आपल्याला तो सलग दिसतो. ड्यूसेलडॉर्फच्या संशोधकांनी २००२ साली याच गोष्टीचा उपयोग करून घेतला. एक लाल दिवा सेकंदाला साठ वेळा लुकलुकतो आणि स्थिर भासतो. मग वेग हळूहळू कमी करत नेतात आणि लुकलुक दिसली की रुग्णानं बटण दाबायचं. निरोगी माणसाला ती लवकर, वेग अजून चाळिशीत असतानाच जाणवते. त्यांनी ३९ ही सीमा धरली, आणि त्याखाली गेलेल्यांच्या मेंदूबद्दल शंका घेतली. डोळ्याच्या पडद्यातही देखभाल करणाऱ्या पेशी असतात आणि यकृताच्या आजारात त्याही बदलतात.

एवढं असूनही या आजाराला अचूक मोजपट्टी मिळालेली नाही. सिरॉसिसच्या किती रुग्णांत हा छुपा संथपणा असतो याचे आकडे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत. चाचणी बदलली, रुग्ण बदलले की आकडा बदलतो. रक्तातला अमोनिया मोजून प्रश्न सुटेल असं वाटतं, पण नमुना लगेच बर्फात ठेवला नाही तर आकडा फुगतो, आणि नीट ठेवला तरी त्या एका आकड्यावरून मेंदूची अवस्था ठरवता येत नाही.

शोधून उपयोग काय, असं कुणी विचारेल. उपयोग आहे. दुधातल्या साखरेपासून बनवलेलं लॅक्ट्युलोज नावाचं गोड औषध मोठ्या आतड्यात जाऊन तिथलं वातावरण आम्ल करतं. त्यामुळे अमोनिया तिथेच अडकतो आणि शौचावाटे निघून जातो. चंदीगडच्या पीजीआय संस्थेत सिरॉसिसचे ९० रुग्ण तपासले, तेव्हा ६१ जणांत हा छुपा दोष आढळला. त्यांतल्या निम्म्यांना तीन महिने हे औषध दिलं. त्यांच्या चाचण्या सुधारल्याच, शिवाय रोजचं जगणंही सुधारलं. २००७ साली हे प्रसिद्ध झालं.

पावलोवांच्या कुत्र्यांची गोष्ट ऐकून कुणी घरातल्या रुग्णाची डाळ, दूध, दही बंद करू नये. पूर्वी डॉक्टरही प्रथिनं तोडायला सांगत. आता तसं करत नाहीत, कारण अमोनिया पकडायला स्नायूही मदत करतात आणि उपाशी स्नायू झिजतात. आता वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सुचवली जातात आणि डाळी, दूध सहसा चांगले सोसतात.

घरात कुणाला सिरॉसिस असेल तर पुढच्या भेटीला तुम्हीही सोबत जा. सुटे पैसे मोजायला हल्ली वेळ लागतो, गाडी दोनदा कठड्याला घासली, पेपर हातात असतो पण पान उलटत नाही, सही वेडीवाकडी होते, असं जे जे पाहिलं असेल ते डॉक्टरांना सांगा. रुग्णाला स्वतःला ते जाणवलेलं नसेल. आणि एवढं विचारा, 'डॉक्टर, यांच्या मेंदूची चाचणी करून बघायची का?' काही मिनिटांचं काम आहे. ती होईपर्यंत गाडीची किल्ली तुमच्याकडे ठेवा.