घरचा तंटा, परक्याचा निवाडा

मुंबईहून गोव्याकडे जाताना राजापूर तालुका संपला की सिंधुदुर्ग जिल्ह्यातले पहिले मोठे गाव लागते ते खारेपाटण. गाळाने उथळ झालेली इथली खाडी पाहून आज कुणाला पटणार नाही, पण एके काळी गलबते इथवर येत. हीच खाडी पश्चिमेला सुमारे चाळीस किलोमीटर जाऊन विजयदुर्गाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. अठराव्या शतकात मराठी राज्य दुभंगत गेले आणि इंग्रज, पोर्तुगीज, डच, फ्रेंच त्या भेगांतून आत शिरले. ती सगळी कथा या एका खाडीच्या काठाने सांगता येते. आज जगाच्या पाठीवर कुठेही एखादा देश आतून फुटला आणि बड्या सत्तांनी त्यात हात घातला की आपण हळहळतो. तो अनुभव आपल्याच दाराशी घडून गेला आहे. त्यातून शिकण्यासारखी गोष्ट एकच आहे : तंटा मिटवणारा घरात उरला नाही की निवाडा परक्याच्या हाती जातो.

ताम्रपटातले बंदर

खारेपाटणचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत आहे ते शके ९३०च्या, म्हणजे इ. स. १००८च्या ताम्रपटामुळे. दक्षिण कोकणचा शिलाहार राजा रट्टराज याने मत्तमयूर पंथाच्या शैव आचार्यांना दिलेले हे दानपत्र. त्यातली नोंद वाचण्याजोगी आहे. परदेशांतून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सोन्याचा गद्याण आणि कंदलमूलीयहून येणाऱ्या जहाजामागे एक धरण सोने द्यावे. चेमूल्य, म्हणजे आपले चौल, आणि गोव्याचे चंद्रपूर यांची जहाजे मात्र यातून वगळावीत. एका देवस्थानाच्या खर्चाची तरतूद परदेशी जहाजांवरच्या करातून व्हावी, इतकी इथल्या किनाऱ्यावर ये-जा होती.

दानपत्रात आणखी एक गोष्ट आहे. शिलाहार हे मूळचे राष्ट्रकूटांचे मांडलिक. राष्ट्रकूटांची सत्ता जाऊन पस्तीस वर्षे लोटली होती, चालुक्य सत्याश्रय हा आता सार्वभौम होता. तरी रट्टराजाने आधी राष्ट्रकूटांची सगळी वंशावळ कोरली आणि मग सत्याश्रयाचे नाव घेतले. मोठ्या सत्तांच्या उलथापालथीत लहान राजाला किती जपून पाऊल टाकावे लागते, ते या तांब्याच्या पत्र्यांवर दिसते. पण समुद्रावरून येणारा तेव्हा व्यापारी होता, कर भरत होता. पुढे काही शतकांनी तो तोफा घेऊन आला.

एक किनारा, चार धनी

१७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि ताराबाईंशी त्यांचा वारसाचा तंटा पेटला. आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे आधी ताराबाईंच्या बाजूचे. बाळाजी विश्वनाथांनी १७१३-१४च्या सुमारास त्यांची समजूत घालून त्यांना शाहूंकडे वळवले. त्या तहात आंग्र्यांकडे जी ठाणी राहिली त्यांत विजयदुर्गाबरोबर खारेपाटणही होते. १३ एप्रिल १७३१ला सातारा आणि कोल्हापूर यांच्यात वारणेचा तह झाला आणि साळशीच्या दक्षिणेचे कोकण कोल्हापूरकरांकडे गेले. साळशी आजच्या देवगड तालुक्यात, खारेपाटणपासून फार दूर नाही. म्हणजे एकाच छत्रपतींच्या वंशातल्या दोन राज्यांची हद्द याच टापूतून गेली होती. उत्तरेला आंग्रे, दक्षिणेला कोल्हापूरचे मालवण, त्यापुढे वाडीकर सावंत, आणि सावंतांना खेटून पोर्तुगीजांचा गोवा.

पण हद्दी आखल्या गेल्या म्हणजे सर्वनाश ओढवलाच असे नव्हे. कान्होजींच्या हयातीत इंग्रजांनी १७२०मध्ये विजयदुर्गावर चाल केली, तरंगता तोफखाना आणला आणि हात हलवत परतले. १७२१च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आंग्र्यांच्या कुलाबा किल्ल्यावर आले. साताऱ्याहून बाजीराव मदतीला धावले, आणि पोर्तुगीजांशी वेगळा तह करून मराठ्यांनी ती युती मोडली. १७२४मध्ये डच सात जहाजे घेऊन विजयदुर्गावर आले. तेही अपयश घेऊन गेले. घर एक होते तेव्हा फूट परक्यांत पडत होती, आणि ती आपण पाडत होतो.

कान्होजी १७२९मध्ये वारले, चारच वर्षांत थोरले पुत्र सेखोजीही गेले, आणि मानाजी व संभाजी या भावांचे वैर उघड झाले. मानाजींनी कुलाबा घेण्यासाठी पोर्तुगीजांची मदत घेतली, पुढे पेशव्यांची. १७३५मध्ये बाजीरावांनी दौलतीची वाटणी केली : कुलाबा मानाजींकडे, सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग संभाजींकडे. १७४०मध्ये संभाजींनी कुलाब्याला वेढा घातला तेव्हा मानाजींच्या हाकेला पेशवे आले आणि मुंबईकर इंग्रजांची जहाजेही आली. भावाभावांच्या भांडणात इंग्रज आता आमंत्रणाने येऊ लागले होते.

विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६

संभाजींनंतर विजयदुर्गाची गादी त्यांचे भाऊ तुळाजी आंग्रे यांच्याकडे आली. तुळाजी शूर होते आणि समुद्रावर त्यांचा दरारा होता. पण पेशव्यांचा अधिकार ते मानीत नव्हते आणि पेशव्यांच्या मुलखाला त्यांचा उपद्रव होता. १५ डिसेंबर १७४९ला शाहू महाराज गेले. दोघांनाही बोलावून समोर बसवील आणि ज्याचा शब्द दोघेही मानतील, असा माणूस त्यानंतर राज्यात राहिला नाही. ताराबाईंनी पेशव्यांविरुद्ध उचल खाल्ली, तुळाजी त्यांच्या बाजूला झुकले. नानासाहेब पेशव्यांजवळ घोडदळ होते, पण समुद्रात तुळाजींना गाठील असे आरमार नव्हते. १७५५च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेऊन पेशव्यांच्या हवाली केला.

यानंतर जे घडले त्याची सूत्रे युरोपात होती. त्या वेळी हैदराबादच्या निजामाच्या दरबारात फ्रेंच सेनानी बुसीचे वजन होते. मराठ्यांना हाताशी धरून बुसीला दख्खनमधून उखडावे, असा बेत लंडनच्या कंपनी सरकारने केला आणि त्यासाठी रॉबर्ट क्लाइव्हला फौजेसह मुंबईला धाडले. अॅडमिरल वॉटसनचे आरमारही येऊन दाखल झाले. पण मद्रासचे इंग्रज आणि पाँडिचेरीचे फ्रेंच यांच्यात तेवढ्यात तह झाला होता. फ्रेंचांसाठी जमवलेली ताकद मुंबईत रिकामी बसली. ती विजयदुर्गावर वळवण्यात आली. कोकणातल्या एका दौलतीचे भवितव्य दोन युरोपीय सत्तांच्या वैरातल्या एका खंडामुळे ठरले, आणि त्याला दार उघडून दिले ते पुण्याने.

वॉटसनचा ताफा ११ फेब्रुवारी १७५६ला विजयदुर्गासमोर आला. पेशव्यांची फौज जमिनीकडून आली होती. तुळाजी किल्ला नातेवाइकांच्या भरवशावर सोडून बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेले. अखेरच्या घडीला त्यांना आपल्या माणसांशीच मिटवायचे होते, ही गोष्ट मनाला लागते. इंग्रजांना मात्र तडजोड नको होती. तडजोड झाली तर किल्ला आणि खजिना पेशव्यांच्या हाती गेला असता. मोहीम निघण्याआधीच लुटीची वाटणी त्यांनी आपापसांत ठरवून टाकली होती, आणि त्यात पेशव्यांचा वाटा नव्हता. १२ तारखेला तोफा सुरू झाल्या. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या एका जहाजावर गोळा पडला, आग भडकली आणि शेजारी नांगरलेल्या जहाजांवर पसरली. दोन पिढ्यांनी उभे केलेले आरमार खाडीच्या मुखाशी जळून गेले. रात्री क्लाइव्हने फौज उतरवली ती किल्ला आणि पेशव्यांची छावणी यांच्या मधोमध, दोस्तांनी आधी आत शिरू नये म्हणून. १३ तारखेला किल्ला पडला. दहा लाख रुपयांच्या आसपास लूट मिळाली, ती इंग्रजांनी वाटून घेतली. तुळाजी उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिले.

किल्ला पेशव्यांना द्यायचा करार होता. पण तो हाती यायला ऑक्टोबर उजाडला, आणि त्याची किंमत म्हणून १२ ऑक्टोबर १७५६च्या तहात बाणकोट आणि भोवतालची काही गावे इंग्रजांना द्यावी लागली. त्याच तहात डचांना मराठी मुलखात व्यापाराची बंदी झाली. आपल्या बाजारात कोणी यावे हे ठरवताना एका परक्याने दुसऱ्या परक्याचा हिशेब चुकता करून घेतला. क्लाइव्ह आणि वॉटसन इथून मद्रासला आणि तिथून बंगालला गेले. २३ जून १७५७ला प्लासी झाली. विजयदुर्गी पुढे पेशव्यांचे आरमार धुळप सरदारांच्या हाताखाली होते. आनंदराव धुळपांनी १७८३मध्ये इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडलेही. पण समुद्रावर परक्याला धाक बसवणारी आंग्र्यांची सत्ता पुन्हा उभी राहिली नाही.

खाडीच्या दक्षिणेलाही तेच

कोल्हापूरकर आणि वाडीकर सावंत यांचे वैर जुने. १७६५मध्ये इंग्रजांनी कोल्हापूरकरांचा सिंधुदुर्ग आणि सावंतांचा रेडीचा किल्ला घेतला, सिंधुदुर्गाला 'फोर्ट ऑगस्टस' हे नावही देऊन टाकले, आणि वर्षभराने पैसा घेऊन ते परत केले. शिवरायांनी बांधलेला किल्ला कोल्हापूरकरांना पैसे मोजून सोडवून घ्यावा लागला. १७८०च्या दशकात डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे सावंतांचे मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. त्यांतले पेडणे तर कोल्हापूरकरांविरुद्ध मदत मिळावी म्हणून गेले. आजच्या गोव्याची उत्तरेकडची हद्द त्या वैरातून घडलेली आहे. १८१२मध्ये इंग्रजांनी कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतांकडून वेंगुर्ले घेतले. दोन्ही घराण्यांचे भांडण मिटले ते असे.

वडगाव आणि वसई

नारायणराव पेशव्यांच्या १७७३मधील खुनानंतर रघुनाथराव पेशवाईसाठी इंग्रजांकडे गेले आणि १७७५च्या सुरतेच्या तहाने साष्टी आणि वसई द्यायला कबूल झाले. १७७७मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील पुण्यात आला. नाना फडणवीसांनी त्याचा मान राखला आणि इंग्रजांना धास्तावून सोडले. पण नानांचे खरे बळ फ्रेंचांच्या आश्वासनात नव्हते. बारभाई, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध उभे राहिलेले कारभारी, एकत्र होते, महादजी शिंदे सोबत होते, म्हणून जानेवारी १७७९मध्ये वडगावला इंग्रजी फौजेला शरण यावे लागले. १७८२च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडे राहिली, पण रघुनाथरावांचा नाद त्यांना सोडावा लागला.

पुढच्या पिढीने ते राखले नाही. दुसऱ्या बाजीरावांनी १८०१मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिले. त्यांचे भाऊ यशवंतराव होळकर न्याय मागत पुण्यावर आले, आणि २५ ऑक्टोबर १८०२ला, ऐन दिवाळीत, हडपसरला त्यांनी पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव कोकणात उतरून इंग्रजांच्या आश्रयाला वसईला गेले. ३१ डिसेंबरला तह झाला. तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना चाकरीत न ठेवण्याची अट, आणि त्यातच निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या तंट्यांत इंग्रजांचा निवाडा मान्य करण्याचे कलम. इंग्रजांचा गव्हर्नर जनरल वेलस्ली याच्या डोळ्यांसमोर नेपोलियन आणि शिंद्यांच्या लष्करातले फ्रेंच अधिकारी होते. पुण्याचा न्याय त्याच्या हिशेबात नव्हता. १८१८पर्यंत सगळे संपले.

त्याच काळात पोलंडमध्येही हेच चालले होते. १७९१च्या राज्यघटनेवर चिडलेल्या काही सरदारांनी १७९२मध्ये तार्गोवित्साची युती करून रशियाच्या फौजा बोलावल्या. पुढच्याच वर्षी रशिया आणि प्रशियाने देशाचे लचके तोडले, १७९५मध्ये ऑस्ट्रियाही सामील झाला आणि पोलंड नकाशावरून पुसले गेले. बोलावणाऱ्यांना त्यांचे जुने राज्य परत मिळाले नाही. आपल्याकडेही ज्याने बोलावले त्याला ते मिळाले नाही.

दोष कोणाला द्यायचा?

विजयदुर्गाचा विषय निघाला की आपल्याकडे माणसे दोन तटांत बसतात. कोणी नानासाहेबांना आरमार बुडवणारे म्हणतो, कोणी तुळाजींना बंडखोर. आणि पुष्कळदा हा निवाडा जात पाहून होतो. हे थांबले पाहिजे. नानासाहेबांची चूक मोठी होती, ती झाकण्यात अर्थ नाही : हाताशी आलेले आरमार त्यांनी परक्याकडून जाळून घेतले. पण मानाजींनी पोर्तुगीजांना बोलावले, सावंतांनी पेडणे दिले, रघुनाथरावांनी साष्टी देऊ केली, बाजीरावांनी स्वातंत्र्यच दिले. यांत मराठे आहेत, ब्राह्मण आहेत, राजे आहेत, चाकर आहेत. प्रत्येकाला आपल्या घरचा शत्रू जवळचा वाटला आणि परका तात्पुरता.

आजही जिथे देश फुटतात तिथे बडी राष्ट्रे स्वतःच्या वैराचा हिशेब घेऊनच येतात. त्यांची जहाजे आपल्यासाठी निघालेली नसतात. त्यांना शिव्या देऊन काही साधत नाही. आपल्याला जपता येईल अशी गोष्ट एकच : दोन्ही बाजूंना ज्याचा शब्द मानावासा वाटेल असे न्यायासन, सभागृह आणि वडीलधारेपण. शाहू महाराजांनंतर ते राहिले नाही, आणि त्यानंतर सत्तर वर्षांच्या आत राज्यही राहिले नाही. राज्यांच्या सीमा, नद्यांचे पाणी, भाषा, जाती यांवरून आज आपल्यात जे तंटे आहेत, ते कितीही कडू असोत, घरातल्या पंचासमोरच मांडा. आणि त्या पंचाची पत राखणे हे जिंकणाऱ्याचे आणि हरणाऱ्याचे सारखेच कर्तव्य आहे, हे विसरू नका.